बेटावरची कथेकरीण

आयर्लंड हा देश युरोपच्या पश्चिम टोकाला आहे. त्या देशाच्याही पश्चिम टोकाला, केरी परगण्याच्या किनाऱ्यापलीकडे, ग्रेट ब्लास्केट नावाचे एक लहानसे बेट आहे. आज तेथे कायमची वस्ती नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र तेथे दीडशेच्या आसपास माणसे राहत असत. मासेमारी, थोडी बटाट्याची शेती, मेंढ्या आणि एखाददुसरी गाय यांवर त्यांचा निर्वाह चाले. बेटावर दुकान नव्हते, चर्च नव्हते, वैद्य नव्हता. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून त्यावर डांबर फासले की त्यांची होडी तयार होई. समुद्र खवळला की या हलक्या होड्या किनाऱ्यावर उपड्या पडून राहत आणि मुख्य भूमीशी असलेला संबंध कित्येक दिवस तुटे.

उत्तरेकडील त्या प्रदेशात हिवाळ्यात फार लवकर अंधार पडतो. रात्री लांबलचक असतात. दिवसभराची कामे उरकली की बेटावरची माणसे एका ठरावीक घराकडे वळत. त्या घरात चुलीपाशी पेग सेयर्स नावाची बाई बसलेली असे. तिच्या तोंडून आयर्लंडच्या प्राचीन वीरांच्या, पऱ्यांच्या, भुताखेतांच्या आणि साधुसंतांच्या कथा ऐकण्यासाठी ही माणसे जमत. या बाईला आयरिश भाषेतील एक अक्षरही लिहिता येत नव्हते. तरीही आयरिश लोकसाहित्याच्या इतिहासात आज तिचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते.

पेगचा जन्म १८७३ साली बेटासमोरच्या किनाऱ्यावर, डनक्विन या गावाच्या परिसरात झाला. पंचवीस वर्षांपूर्वीच आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ झाला होता. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली होती आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली होती. पेगच्या आईने अनेक अपत्ये लहानपणीच गमावली होती. पेग हे शेंडेफळ. घरात दारिद्र्य होते, पण एका गोष्टीची श्रीमंती होती. तिचे वडील तोमास हे त्या भागातील नावाजलेले कथेकरी होते. रात्री चुलीपाशी ते कथा सांगू लागले की मुलगी टक लावून ऐकत राही. पुढे तिने ज्या शेकडो कथा सांगितल्या, त्यांपैकी पुष्कळशा वडिलांकडूनच तिच्याकडे आल्या. त्या कथा कोणी तिला पाठ करायला लावल्या नव्हत्या. ऐकता ऐकताच त्या तिच्या झाल्या.

पेग शाळेतही गेली. परंतु त्या काळात आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य होते आणि शाळेत इंग्रजीतूनच शिकवले जाई. घरी, शेतात, समुद्रकिनारी सगळीकडे आयरिश बोलणारी मुले शाळेत पाऊल टाकताच परक्या भाषेच्या हवाली होत. पेगला इंग्रजी वाचता-लिहिता येऊ लागले, पण तिची स्वतःची भाषा कागदावर कशी दिसते हे तिला कोणी दाखवले नाही. ज्या भाषेत ती स्वप्ने पाही, त्याच भाषेत ती निरक्षर राहिली. असा अनुभव आपल्या देशातही अनेकांना आला असेल.

वयाच्या बाराव्या वर्षी तिची शाळा सुटली. घरच्या ओढग्रस्तीमुळे तिला डिंगल या जवळच्या गावी एका व्यापारी कुटुंबात घरकामासाठी ठेवण्यात आले. त्या घरच्या माणसांनी तिला चांगले वागवले. दोन वर्षांनी आजारपणामुळे ती घरी परतली. त्यानंतर तिने शेतकऱ्यांच्या घरी चाकरी केली. तेथील कष्ट कठीण होते. तिची एक जिवलग मैत्रीण अमेरिकेला गेली होती. प्रवासाचे भाडे मी पाठवीन, तूही ये, असे तिने कबूल केले होते. त्या काळी केरीतील तरुण मुलींपुढे दोनच वाटा असत, अमेरिका किंवा लग्न. पेग कित्येक दिवस त्या पत्राची वाट पाहत राहिली. शेवटी पत्र आले, पण मैत्रिणीला अपघात झाला होता आणि पैसे पाठवणे तिला शक्य नव्हते. एका पत्राने पेगची अमेरिका कायमची दूर गेली.

मग लग्नाची गोष्ट निघाली. एका रात्री बेटावरचे तीन पुरुष तिच्या घरी आले. त्या तिघांपैकी नवरा मुलगा कोणता, हेही तिला ठाऊक नव्हते. वडिलांनी विचारले, तिने होकार दिला. फेब्रुवारी १८९२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पॉड्रिग या मच्छीमाराशी तिचा विवाह झाला आणि ती होडीत बसून ग्रेट ब्लास्केटवर गेली. पुढची पन्नास वर्षे तिचे आयुष्य त्याच बेटावर गेले. बेटावर आलेली ही नवी सून हळूहळू सगळ्यांची पेगबाई झाली.

आता त्यांच्या घरातील कथाकथनाकडे वळू. आयर्लंडच्या ग्रामीण भागात कथा सांगण्याचाही एक हंगाम असे. नोव्हेंबरच्या आरंभी, हिवाळा सुरू होताना, तो सुरू होई आणि वसंत ऋतूपर्यंत चाले. दिवसाढवळ्या वीरकथा सांगणे अशुभ मानत. यामागे श्रद्धा होती तसा व्यवहारही होता, कारण दिवस कामासाठी होता. रात्री मात्र घराचे दार सर्वांना उघडे असे. येणाऱ्यांना बोलावणे लागत नसे. चुलीत दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा जळत. आयर्लंडमध्ये लाकूड दुर्मीळ असल्याने हेच तेथील गरिबांचे सरपण. चुलीच्या अंगाला वडीलधारी माणसे, भिंतीला टेकून तरुण आणि कोपऱ्यात मुले. प्रकाश असला तर तो बहुतेक चुलीचाच.

पेगबाई तोंडात चिलीम धरून बसत. कथा सुरू झाली की चिलीम बाजूला होई आणि कथा त्यांच्या सर्वांगातून प्रकट होऊ लागे. त्या हात हातावर आपटत, खांद्यामागे अंगठा करून काही दाखवत, भयाचा प्रसंग आला की तोंडावर हात ठेवीत. आवाज कधी कुजबुजीइतका उतरे, कधी एकदम चढे. विनोदाच्या जागी त्या स्वतःही हसत, आणि दुःखाच्या प्रसंगी त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी येई. ऐकणारेही गप्प बसत नसत. ते मध्येच हुंकार देत, कथेकऱ्याला दाद देत, वीराने पराक्रम केला की त्याला शाबासकी देत. कथा हजारदा ऐकलेली असली तरी कोणाला त्याचे काही वाटत नसे. पुढे काय होणार हे माहीत असूनही आज ते कसे होईल, याची उत्सुकता असे.

या कथांमध्ये सर्वांत मानाच्या कथा फिन मॅक कूल आणि त्याच्या फियाना नावाच्या योद्ध्यांच्या. हे योद्धे रानावनात राहत, शिकार करीत आणि देशाचे रक्षण करीत, अशी कल्पना आहे. फिनचा मुलगा ओशीन याची कथा आयर्लंडमध्ये घरोघरी ठाऊक आहे. नीव नावाची सोनेरी केसांची राजकन्या पांढऱ्या घोड्यावरून येऊन त्याला समुद्रापलीकडच्या चिरतारुण्याच्या देशात घेऊन जाते. तेथे तो सुखात राहतो, पण काही काळाने त्याला घरची ओढ लागते. नीव त्याला जाऊ देते, मात्र घोड्यावरून खाली उतरू नकोस, असे बजावते. ओशीन परततो तेव्हा येथे तीनशे वर्षे उलटून गेलेली असतात आणि त्याच्या ओळखीचे कोणीही उरलेले नसते. एक जड दगड हलवायला माणसांना मदत करण्यासाठी तो वाकतो, खोगिराचा पट्टा तुटतो, त्याचा पाय जमिनीला लागतो आणि क्षणात तो जराजर्जर म्हातारा होतो. अशा कथा ज्या बेटावर सांगितल्या जात, तेथील जवळजवळ प्रत्येक घरातून कोणी ना कोणी समुद्रापलीकडे अमेरिकेला गेलेले होते आणि त्यांतील फार थोडे परत येत. ओशीनची कथा त्या श्रोत्यांना केवळ पुराणकथा वाटत असेल काय?

वीरकथांमध्ये लढाईचे किंवा समुद्रप्रवासाचे वर्णन आले की कथेकरी एकदम जुन्या, अनुप्रासयुक्त, ठरीव भाषेत शिरतो आणि ते वर्णन वेगाने, एका दमात म्हणतो. त्यातील कित्येक शब्द श्रोत्यांना कळतही नसत, पण त्यांचा नाद त्यांना प्रिय होता. सांगणाऱ्यालाही त्याचा उपयोग होई, कारण तोंडाने पाठ असलेले म्हणत असता मन पुढचा प्रसंग जुळवून ठेवी. आपल्याकडील कीर्तनकार आख्यान रंगात आले असता एखादे पाठ असलेले पद खड्या आवाजात म्हणतात, त्याची येथे आठवण होते.

परंपरेप्रमाणे फियानाच्या वीरकथा सांगणे हे पुरुषांचे काम मानले जाई. स्त्रियांनी लहानसहान कथा सांगाव्यात, प्रार्थना आणि वंशावळी जतन कराव्यात, पण लांबलचक वीरकथा पुरुषांवर सोपवाव्यात, असा संकेत होता. पेगबाईंनी हा संकेत मोडण्याची घोषणा कधी केली नाही. त्यांच्याकडे कथा होत्या आणि त्या सांगत, एवढेच.

बाहेरून पाहणाऱ्याला हे जीवन रमणीय वाटेल, पण तसे ते नव्हते. पेगबाईंना अकरा मुले झाली, असे सांगतात. त्यांपैकी सहाच बालपण ओलांडून जगली. थोरल्यांतील तोमास हा तरुण मुलगा सरपण गोळा करताना कड्यावरून खाली कोसळला. त्याचा छिन्न देह घरी आणला तेव्हा तो अंत्यविधीसाठी तयार करण्याचे काम आईवरच आले. फुटलेल्या मस्तकाला आपल्या हातांनी आकार देत त्यांनी ते पार पाडले. मेरी मातेनेही आपल्या पुत्राचा छळ झालेला देह पाहिला होता, या श्रद्धेचाच त्यांना त्या वेळी आधार वाटला. पुढे पतीही गेले. उरलेली मुले एकामागून एक अमेरिकेला निघून गेली. काही काळाने त्यांतील मीहाल हा मुलगा परत आला आणि आईजवळ राहिला. तो स्वतः कविता करी. बेटावर त्याला कवी म्हणूनच ओळखत.

याच काळात बाहेरच्या जगाची नजर या बेटाकडे वळली. आयर्लंडमध्ये राष्ट्रीय जागृती होत होती आणि मरू घातलेली आयरिश भाषा जेथे अजून जिवंत होती, अशा पश्चिम किनाऱ्याकडे विद्वान जाऊ लागले होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हस्तलिखितांचे अभ्यासक असलेले रॉबिन फ्लॉवर १९१० पासून बेटावर येऊ लागले. हा इंग्रज विद्वान बेटावरच्या लोकांमध्ये त्यांच्याच भाषेत बोलत बसे. पेगबाई बोलतात तेव्हा त्यांचे वाक्य जसे तोंडातून निघते तसेच लिहून घेतले तरी ते साहित्य ठरेल, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढे केनेथ जॅक्सन या तरुण अभ्यासकानेही त्यांच्याकडून कथा लिहून घेतल्या. आयर्लंडमधील जवळजवळ प्रत्येक कथेकरी आज विस्मृतीत गेला आहे, पण या एका बाईची कीर्ती वाढत गेली, याला असे चाहते कारणीभूत झाले.

बेटावरचे तोमास ओ क्रिफान यांचे आत्मचरित्र १९२९ मध्ये आणि मुरिश ओ सुलिवान यांचे १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. बेटावर उन्हाळ्यात आयरिश शिकायला येणाऱ्या डब्लिनच्या सुशिक्षित स्त्रियांनी पेगबाईंना आग्रह धरला, की तुम्हीही तुमची जीवनकथा सांगा. प्रश्न एकच होता. लिहायचे कोणी? ते काम मीहालने केले. चुलीपाशी आई सांगे आणि मुलगा कागदावर उतरवून घेई. ही पाने टपालाने डब्लिनला मॉइरा नी खिनेडे या विदुषीकडे जात आणि त्यांनी ती संपादित करून १९३६ साली 'पेग' या नावाने छापली. आपल्याकडील बहिणाबाई चौधरी यांचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. त्याही निरक्षर होत्या, त्यांचीही गाणी मुलाने, म्हणजे कवी सोपानदेव चौधरी यांनी, आपल्या मावसभावाच्या साहाय्याने टिपून ठेवली. १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. पेगबाईंना मात्र आपले पुस्तक हातात घेऊन पाहता आले, जरी ते वाचता आले नाही.

कथासंग्रहाचे खरे मोठे काम त्यानंतर झाले. १९३५ मध्ये आयर्लंड सरकारने लोकसाहित्य संकलनासाठी एक आयोग नेमला. त्याचे शोसव ओ दाली हे पूर्णवेळ संग्राहक डनक्विनचेच, तेथील शाळामास्तरांचे चिरंजीव. त्यामुळे पेगबाईंपुढे बसायला त्यांना परकेपणाची अडचण नव्हती. ते सोबत मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारे यंत्र घेऊन येत. कथा संपली की घरी जाऊन ते नळकांडे पुन्हा पुन्हा ऐकत आणि प्रत्येक शब्द लिहून काढत. पेगबाईंकडून त्यांनी साडेतीनशेहून अधिक कथा आणि इतर लोकसाहित्य मिळवले. त्यांची हस्तलिखित पाने हजारांच्या संख्येत आहेत. पेगबाईंनी मेरी मातेचा पुत्रशोक म्हणून दाखवला तेव्हा आपण घराबाहेर पडलो तो कोठे आहोत हेच आपल्याला समजेना, असे ओ दाली पुढे सांगत.

या यंत्राची एक व्यथाही होती. मेणाची नळकांडी महाग होती आणि आयोगाकडे पैसे थोडे होते. म्हणून लेखन पूर्ण झाले की मेणाचा वरचा थर खरवडून काढत आणि तेच नळकांडे दुसऱ्या कथेसाठी वापरत. कथा कागदावर राहिली, पण त्या रात्रीचा आवाज नाहीसा झाला. त्या काळातील संग्राहकांना शब्द वाचवणे अधिक मोलाचे वाटले. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्या जागी आपणही बहुधा तेच केले असते.

१९४२ मध्ये पेगबाईंनी बेट सोडले आणि त्या मुख्य भूमीवर, जन्मगावाच्या परिसरात, मीहालसोबत राहू लागल्या. दृष्टी हळूहळू मंदावत गेली आणि शेवटी नाहीशी झाली. बेटही रिकामे होत चालले होते. तरुण माणसे निघून जात होती, शाळा बंद झाली होती, आणि वादळात आजाऱ्याला होडीने नेणे अशक्य होई. नोव्हेंबर १९५३ मध्ये सरकारने उरलेल्या मोजक्या रहिवाशांनाही मुख्य भूमीवर आणले. ज्या चुलीभोवती हे सारे घडले, त्या चुली विझल्या.

८ डिसेंबर १९५८ रोजी डिंगल येथील रुग्णालयात पेगबाईंचे निधन झाले. समुद्र दिसतो अशा डनक्विनच्या दफनभूमीत त्यांचे थडगे आहे.

त्यांच्या पुस्तकाच्या नशिबी मात्र एक विचित्र गोष्ट आली. स्वतंत्र आयर्लंडच्या शाळांमध्ये आयरिश भाषा हा आवश्यक विषय होता आणि 'पेग' हे अनेक वर्षे त्याचे पाठ्यपुस्तक होते. परीक्षेसाठी ते वाचणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी या पुस्तकाचा मनापासून कंटाळा केला. दारिद्र्य, मृत्यू, दुःख, प्रार्थना, यांखेरीज त्यात त्यांना काही दिसले नाही. त्याला पुस्तकही थोडे जबाबदार होते. शालेय वाचनासाठी संपादकांनी पेगबाईंच्या बोलण्यातील खट्याळपणा आणि धीट विनोद बराचसा गाळला होता. त्यामुळे ज्या बाईच्या घरी लोक हसायला जात, ती छापील पानांवर केवळ सोशिक, देवभोळी म्हातारी होऊन राहिली. १९९० च्या दशकात हे पुस्तक शाळांतून मागे पडले.

त्यानंतर अभ्यासकांनी त्यांच्या इतर कथांकडे लक्ष दिले. त्या मुख्य भूमीवर परतल्यानंतर, १९४७ मध्ये, आयर्लंडच्या नभोवाणीने आणि इंग्लंडच्या बीबीसीने त्यांच्या कथा ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या मुद्रणांतील मजकूर २००९ मध्ये छापून प्रसिद्ध झाला आणि त्यासोबत आवाजाची तबकडीही देण्यात आली. आयरिश भाषेचा एकही शब्द न समजणाऱ्यालाही तीत त्या आवाजाची चढउतार ऐकू येते. बेटावरच्या घरी चुलीपाशी बसलेल्या माणसांना तो आवाज तबकडीशिवाय, रोज रात्री, अगदी हातभर अंतरावरून ऐकू येत असे.